शवपेटीतला टाइस्टो

आमच्या सुओलाम्पी गावात हिवाळ्यात कुणी मेलं तरी टाइस्टोची वाट बघावी लागते. रस्त्यावरचा बर्फ हटवायची गाडी तोच चालवतो. पाद्री, शवपेटी, रडणारे नातेवाईक सगळे त्याच्या मागून. उन्हाळ्यात तो कब्रस्तानातलं गवत कापतो. म्हणजे बाराही महिने माणूस मृत्यूच्या आसपासच. तरी त्यानं मृत्यूवर अख्खा रॉक अल्बम रचायला घेतला तेव्हा आम्ही चाट पडलो, कारण त्याला सलग दोन वाक्यं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. हेल्काला लग्नाची मागणी घालतानासुद्धा तो म्हणाला होता, "गाडीत शेजारची सीट रिकामीच असते." ती बिचारी चढून बसली.

अल्बमसाठी त्यानं घरची मोटार गॅरेजाबाहेर काढली आणि तिच्या जागी ड्रम आणले. मी शेजारीच राहते, त्यामुळे सगळी गाणी मला भिंतीतून पाठ झाली. कथा सोपी. मृत्यू एका शेतकऱ्याच्या दारात येतो. शेतकरी म्हणतो, आधी कॉफी घे. मग वाफेच्या न्हाणीचा सौना तापलाय, घाम काढून जाऊ. मग बटाटे राहिलेत काढायचे. मृत्यूही आपल्यासारखाच भिडस्त, नाही म्हणवत नाही. असं करत करत वर्षं जातात, आणि शेवटी शेतकरीच दमून पेटीत आडवा होतो.

हेल्का मात्र एकदाही गॅरेजात गेली नाही. रोज सकाळी उघड्यावरच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना ती मला ऐकू जाईल असं बोलायची, "कोणाच्या घरात गाडी राहते, आमच्या घरात मरण राहतं."

शेवटी तिनं नवऱ्याला स्पष्ट सांगितलं. "एकदाच ऐकेन. चर्चच्या हॉलमध्ये प्रयोग होईल तेव्हा, सगळ्यांबरोबर. मला पटलं तर ड्रम राहतील. नाही पटलं तर त्याच संध्याकाळी गाडी आत."

"बरं," टाइस्टो म्हणाला. पण त्या आठवड्यात त्यानं माझ्या फाटकापुढचा बर्फ तीनदा हटवला, एकदा तर पडलाच नव्हता तेव्हा. घाबरलेला माणूस आणखी काय करणार?

चर्चच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी प्रयोग होता. मागच्या टेबलावर कॉफी, वेलचीचा गोड पाव आणि फुलं मांडलेली. शेतकरी टाइस्टो स्वतः. मृत्यू झाली होती पोस्टातली राइया, काळा झगा, खांद्यावर खराखुरा लांब दांड्याचा विळा. तिचे गाल असे लाल, की मृत्यूला हवा मानवलेली दिसत होती. सौनाच्या गाण्यात ती खरोखर घामाघूम झाली. लोक खाली माना घालून बसले होते. आमच्याकडे याचा अर्थ, खूप मजा येतेय.

मग टाइस्टो पेटीत झोपला. दिवे मंद झाले, गिटार थांबली. ठरलं असं होतं, की लोक टाळ्या वाजवतील, त्या आवाजानं शेतकरी उठून बसेल आणि शेवटचं गाणं सुरू होईल.

पण त्या हॉलमध्ये पेटीपुढे आजवर कुणी टाळी वाजवलेली नाही. हात कुणाचे उचलणार? माणसं उठून उभी राहिली. कुणी गेलं की आम्ही जोडीजोडीनं पुढे जातो, पेटीवर फूल ठेवतो, दोन शब्द बोलतो, मान लववून परत येतो. घरचं माणूस आधी. ते हललं नाही तर कुणी हलत नाही. आता सगळा हॉल हेल्काकडे बघत होता.

"मी का जाऊ?" ती माझ्या कानात पुटपुटली. "तो जिवंत आहे."

"असू दे. तुझ्यामुळे सगळ्यांची कॉफी अडलीय," मी म्हटलं आणि टेबलावरचं एक कार्नेशनचं फूल तिच्या हातात कोंबलं.

ती गेली. पेटीपाशी उभी राहिली. टाइस्टो डोळे मिटून पडला होता. टाळी नाही, म्हणजे निकाल लागला, असं धरून चालला असणार.

"टाइस्टो," ती म्हणाली, "बटाट्याचं गाणं फार लांबलंय." तिनं फुलाचा देठ बोटांत फिरवला. "बाकी... तू आडवा झालास तेव्हा मला क्षणभर खरंच वाटलं. ते मला आवडलं नाही. इतकं खरं करायची गरज नव्हती." तिनं फूल त्याच्या छातीवर ठेवलं. "ड्रम राहू देत."

आता उठावं की नाही माणसानं? पण मागे रांग लागलेली. म्हातारा वाइनो वाकून म्हणाला, "तू माझी टपालपेटी बर्फाखाली गाडलीस, पण गाणी चांगली रचतोस." त्याची बायको म्हणाली, "मला सौनाच्या गाण्यात रडू आलं." टाइस्टो चिकटून पडून राहिला. असं कौतुक आमच्या गावात मेल्याशिवाय मिळत नाही. फुकट मिळतंय तर लबाड उठतो कशाला?

"टाइस्टो, ऊठ," शेवटी मृत्यू म्हणाली. "हा विळा जड आहे."

तेव्हा तो फुलांसकट उठून बसला, आणि शेवटचं गाणं आम्ही पेटीभोवती उभं राहून ऐकलं.

सोमवारी सकाळी हेल्का गाडीची काच खरवडत होती.

"म्हणजे गाडी बाहेरच?" मी कुंपणावरून विचारलं.

"बाहेरच. तो आता दुसरा भाग रचतोय. पण मृत्यूचं काम मी करणार, सांगून ठेवलंय त्याला."

"का? राइया छान करते की."

"छान करते, म्हणूनच," हेल्का म्हणाली. "त्याला न्यायचंच असेल तर मी नेईन. परक्या बाईनं कशाला?"