धाकटा, थोरला आणि घूंकाका

जगातली कुठलीही वस्तू कुठल्या पट्टीत वाजते, हे घूंकाका न विचारता सांगत. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहाचा कप हातात घेण्याआधीच त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "पंखा पांढरी दोनमध्ये आहे. पण जरा उतरलाय." सोसायटीचा पाण्याचा पंप काळी एकमध्ये होता, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी त्याच्या पंचमात होती, आणि चेअरमन मेहताभाई रागावले की कुठल्याच पट्टीत बसत नसत. ही शेवटची माहिती त्यांनी खुद्द मेहताभाईंनाच दिली होती. "काका, पट्टी छोडो, पहले अपना रेडिओ बंद करो," असं उत्तर मिळालं. रेडिओ नव्हताच तो.

ते त्यांचं यंत्र होतं. भाईंदरच्या नवघरला आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला हा उंच, किडकिडीत, विधुर गृहस्थ एकटा राही. एकुलती एक मुलगी पुण्याला दिलेली. त्यांच्या खोलीतून दिवसभर एक अखंड 'घूं' येत असे. मुलांनी त्यांना घूंकाका केलं आणि हळूहळू मोठ्यांनीही तेच नाव उचललं. त्यांना ते आवडलेलं होतं. "लोकांना नाव बारशाला मिळतं. मला कामावरून मिळालं," असं ते छाती काढून सांगत.

काम म्हणजे विजेवर चालणारा तानपुरा. तसा तानपुरा तेव्हा मुंबईत दुकानात मिळत होता. हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा मी जणू घरचं जेवण सोडून खानावळीचा डबा सुचवला होता, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सामंत, तो तानपुऱ्याची नक्कल करतो. मला नक्कल नको. मला सूर हवाय." मोठे शब्द ऐकले की मला जांभई येते. पण त्या दिवशी माझी बायको शेजारी होती आणि तिनं मान डोलावली. तिथेच माझ्या पुढच्या कित्येक वर्षांच्या वैतागाचा पाया भरला गेला.

मालती लग्नाआधी रत्नागिरीत रीतसर गाणं शिकलेली. गिरगावातली खोली सोडून आम्ही भाईंदरला आलो तेव्हा टेम्पोवाल्यानं तिच्या तानपुऱ्यावर आमची लोखंडी ट्रंक ठेवली. नव्या घरात तानपुरा उतरला तो दोन पिशव्यांतून. त्या दिवसापासून तिचं गाणं थांबलं. रेडिओबरोबर गुणगुणायचीही नाही. "सूर मागे नसला की कुठे उभं राहायचं तेच कळत नाही," एवढंच म्हणायची. एका खोली-स्वयंपाकघराच्या जागेत नवा तानपुरा ठेवायला कोपरा नव्हता आणि मुलं रांगती होती. म्हणून घूंकाका "मी करतो तुमच्यासाठी" म्हणाले, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

घूंकाकांनी एक यंत्र केलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. त्यांनी दोन केली. धाकटा आणि थोरला.

धाकटा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होता. चार बटणं, आत टॉर्चचे सेल. दाबलं की लगेच वाजे. थोरला भंगारबाजारातून आणलेल्या लोखंडी कपाटात होता, माझ्या खांद्याएवढा उंच. बारा सुरांचे बारा कप्पे, प्रत्येकाला बटणांची रांग, आणि आत जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या. त्या तापायला वेळ लागे. काका म्हणत, "भात शिजेपर्यंत थांबायचं. मग बघा." तोवर थोरला म्हशीसारखा हंबरत, चढत-उतरत राही. तापल्यावर मात्र, मी गाण्यातला अडाणी असूनही सांगतो, खोलीचा आकार बदलल्यासारखा वाटे. काका डोळे मिटून म्हणत, "धाकटा सूर देतो. थोरला नाद देतो." यातला फरक मी तीनदा विचारला. तिन्ही वेळा वेगळा निघाला.

त्यांची दुसरी सवय बटणांची. "बटण आहे ते फिरवण्यासाठीच," हे त्यांचं ब्रीद. काल बरोबर लागलेलं यंत्र आज त्याच जागी सापडत नसे. आम्ही रविवारी सकाळी ऐकायला जायचो. मालती म्हणायची, "वा काका, अगदी लागला." तिच्या तोंडचं वाक्य पुरं होण्याआधी त्यांची बोटं बटणावर गेलेली असायची. "हो, पण अजून..." या 'अजून'मध्ये दोन वर्षं गेली. मी दुकानातला तानपुरा आणण्याची गोष्ट पुन्हा काढली. मालती म्हणाली, "काका खाली बसून आपल्यासाठी करताहेत आणि आपण विकत आणायचा? त्यांना काय वाटेल?"

'त्यांना काय वाटेल' हा आमच्या घरातला सर्वांत मोठा कायदा. त्यावर अपील नाही.

मग सोसायटीचा गणपती आला. घूंकाकांच्या यंत्राचं जाहीर उद्घाटन करायचं आणि मालतीनं त्यावर गायचं, असं ठरलं. थोरल्याला झेंडूची माळ घातली, फीत बांधली, कापायला एक पुढारी आणले. पुढाऱ्यांनी विज्ञान, अध्यात्म आणि नळाचं पाणी या तिन्ही विषयांवर भाषण केलं. ते भात शिजून करपेल इतकं लांबलं, त्यामुळे थोरला त्या दिवशी पहिल्यांदाच वेळेत तापला. टाळ्या झाल्या. फीत कापली. मालतीनं घसा साफ केला, आणि वीज गेली.

थोरला एक लांब उसासा टाकून गप्प झाला. "लाइट गया!" असं पाच-पन्नास माणसांनी एकमेकांना कळवलं. काका कपाटावर हात ठेवून उभे, जणू आजाऱ्याची नाडी पाहताहेत. मेहताभाई पुढे झाले. "अरे काका, वो छोटावाला डिब्बा है ना? वो निकालो! भगवान को साइज से क्या मतलब?"

काकांनी ओशाळून पिशवीतून धाकटा काढला. मालतीनं तो मांडीशी घेतला, पट्टीचं बटण फिरवून काळी चारवर, स्वतःच्या पट्टीवर, आणलं आणि गायला लागली. पंखे बंद, पंप बंद, गिरणी बंद. नवघरमध्ये इतकी शांतता मी परत कधी अनुभवली नाही. त्या शांततेत डब्यातला तो बारीक सूर आणि तिचा आवाज. मेहताभाईंनी चष्मा काढून पुसला. गाणं संपल्यावर ती डबा परत देताना एक क्षण थांबली. तिचा अंगठा बटणावरच राहिला होता. तिला कुठला हवा, हे मला तिथेच कळलं. कळायला गाणं यावं लागत नाही.

काकांना मात्र वेगळंच कळलं. ते हात जोडून म्हणाले, "मालतीबाई, माफ करा. तुमच्यासारख्या गायिकेवर आज डब्यावर गायची वेळ आली."

दसऱ्याला त्यांनी आम्हाला खाली बोलावलं. टेबलावर धाकटा, शेजारी थोरला, दोघांना हळदकुंकू. "निवडा," म्हणाले.

मी मनात म्हटलं, एक शब्द बोलायचाय, बाई. 'छोटा' म्हण आणि चल.

मालती म्हणाली, "तुम्हीच ठरवा काका. तुम्हाला जो द्यायला जड जाणार नाही तो द्या."

काकांनी थोरल्याकडे पाहिलं. बारा कप्प्यांतली एकेक नळी त्यांनी स्वतः बसवलेली. पाहुण्याला दोन पाट मांडले तर मोठा त्याच्यापुढे सरकवायचा, या संस्कारात हा माणूस वाढलेला. ते म्हणाले, "मग थोरलाच घ्या."

"अय्या, इतका मोठा?" मालती म्हणाली. तिला खरंच 'इतका मोठा' म्हणायचं होतं. काकांना ते कौतुक वाटलं.

चार हमालांनी थोरला दुसऱ्या मजल्यावर आणला. तो आला तेव्हापासून आमच्या कपड्यांच्या कपाटाचं एक दार उघडत नाही. मालतीचा दिवस असा जाई: थोरला सुरू करायचा, भात लावायचा, थोरला तापत आला की नळाला पाणी येई. पाणी काही सुरासाठी थांबत नाही. बादल्या, कळशा, पिंप भरून ती परत येई तोवर पंचम कुठल्या कुठे गेलेला. ती तो लावायला बसे, एवढ्यात दारात घूंकाका. "खाली ऐकू आलं. जरा चढलाय ना?" मग ते बटणं फिरवत, चहा घेत, पुन्हा बटणं फिरवत, आणि तृप्त होऊन जात. तोवर मुलं शाळेतून आलेली असत. आठवड्यातून एखाद्या दिवशी तिला गायला मिळे, तेही थोडकं. धाकटा मात्र खाली फडताळावर गप्प बसून होता.

न राहवून मी खाली गेलो. "काका, स्पष्ट सांगतो. तिला छोटा हवा आहे."

ते हसले. "सामंत, त्या भिडस्त आहेत हो. माझा थोरला अडकला म्हणून संकोच वाटतोय त्यांना. सांगा, अजिबात मनाला लावून घेऊ नका."

"अहो, संकोच नाही. खरंच छोटा हवाय."

"बघा! तुम्हालाही भीड पडली."

वर येऊन मालतीला म्हणालो, "त्या माणसाचा जीव या कपाटात आहे. रोज येतो तो तुझ्या पंचमासाठी नाही, याला भेटायला येतो. हे परत दे, छोटा घे, दोघंही सुखी व्हा."

"दिलेली वस्तू परत करायची? त्यांना वाटेल, आवडली नाही."

"नाहीच आवडली!"

"हळू बोला, खाली ऐकू जाईल."

दोन समंजस माणसं एकमेकांच्या सुखासाठी किती चिवटपणे दुःखी राहू शकतात, याचा अभ्यास मी सहा-सात वर्षं घरबसल्या केला. खरं बोलून उपयोग होत नाही, हे मला राजकारणानं शिकवलं नाही, या दोघांनी शिकवलं.

मग काकांचे गुडघे गेले. मुलीनं पुण्याला न्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी ते जिना कसाबसा चढून वर आले, थोरल्यासमोर बसले. मालतीनं तो आधीच तापवून ठेवला होता. त्या दिवशी ती त्यांच्यापुढे बसून गायली. नळाला पाणी आलं, ती उठली नाही. काकांनी एकाही बटणाला हात लावला नाही. हे दोन्ही चमत्कार मी एकाच दिवशी पाहिले.

खाली रिक्षात बसल्यावर धाकटा त्यांच्या मांडीवर होता. माझा संयम सुटला. मी रस्त्यात उभा राहून म्हणालो, "शेवटचं सांगतो! हिला हा हवाय आणि तुम्हाला तो. आत्ता बदला, मी हमाल आणतो!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, जमलं.

"छे छे, असं काही नाही," काका म्हणाले.

"यांचं काय ऐकता काका," मालती म्हणाली. रिक्षा गेली.

दीडेक वर्षानं काकांची मुलगी आली. काका गेल्याचं आम्हाला फोनवर कळलं होतं. तिनं पिशवीतून बिस्किटांचा डबा काढून मालतीपुढे ठेवला. "बाबा म्हणायचे, हा भाईंदरच्या बाईंचा आहे. मी म्हटलं, मग पाठवू या की. तर म्हणायचे, 'त्यांनी मागितल्याशिवाय कसा द्यायचा? थोरला असताना हा दिला तर त्यांना वाटेल, थोरला परत मागतोय.'"

मी कपाळावर हात मारला. मालतीनं डबा उचलला. धाकट्याला आता तीनच बटणं होती. पट्टीचं बटण काढलेलं होतं आणि त्या भोकावर पत्र्याचा तुकडा डाख देऊन पक्का बसवला होता. बटण फिरवण्यासाठीच असतं म्हणणाऱ्या माणसानं एक बटण कायमचं बंद केलं होतं.

"हे कधी केलं त्यांनी?" मालतीनं विचारलं.

"मला आठवतंय तेव्हापासून तसंच आहे. भाईंदरलाच केलं असणार. ते काही गायचे नाहीत. पण रोज संध्याकाळी हा लावून बसायचे."

मालतीनं डबा सुरू केला. काळी चार. सूर हलला नव्हता आणि हलणारही नव्हता. दुसऱ्या कुणाला त्या डब्याचा काही उपयोग नव्हता.

मुलगी गेल्यावर मालतीनं डबा जमिनीवर ठेवला. मग ती धाकट्यासमोर मांडी घालून बसली. मी दार लोटून घेतलं. आता ती गाणार, एवढ्यात ती उठली आणि थोरल्याचंही बटण दाबलं. तो नेहमीसारखा हंबरायला लागला.

"आता हा कशाला?" मी वैतागून म्हणालो.

"त्याला काय वाटेल?" ती म्हणाली.

आम्ही भात शिजेपर्यंत थांबलो.