भरीत कमी पडलं तेव्हा

सुलक्षणाबाईंना मी बावीस वर्षं ओळखतो. माहेर चाळीसगावचं, आणि धरणगावजवळच्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवतात. पोरांवर कधी आवाज चढवत नाहीत. ती कसर मी विज्ञानाच्या तासाला भरून काढतो.

नववीतल्या मिसबाहवर मी तर पाणीच सोडलं होतं. मुलगी हुशार, पण शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघत राहणार आणि परीक्षेत दोन गणितं सोडवून बाकी पेपर कोरा देणार. "येतंय तेच किती वेळा लिहायचं, सर?" असं वर मलाच विचारायची. मुख्याध्यापकांनी शेवटी सांगून टाकलं: वार्षिकलाही हेच झालं, तर दहावीला ती कच्च्या मुलांच्या तुकडीत जाईल.

"तिथे गेली तर ती शाळाच सोडेल," बाई म्हणाल्या.

जानेवारीत शाळेची भरीत पार्टी असते. वांगी किती आणायची, हे आमचे शिपाई लोटनभाऊ नजरेनेच ठरवतात. यंदा बाईंनी ते काम मिसबाहला दिलं. तिने उभ्या उभ्या हिशेब सांगितला, "दोनशे जण, माणशी दोनशे ग्रॅम. चाळीस किलो."

लोटनभाऊ बाईंच्या कानाशी लागले, "बाई, हाई कमी पडी. वांगं भाजं का आर्धं ऱ्हास."

"पडू द्या," बाई म्हणाल्या.

असोद्याहून चाळीस किलो वांगी आली, कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजली, सोलली, आणि निम्मी माणसं जेवायची असतानाच पातेलं रिकामं झालं. शेवटची पंगत आम्हा शिक्षकांची. मी कळण्याच्या भाकरीशी नुसता ठेचा खाल्ला आणि बाईंवर मनातल्या मनात चांगलाच भडकलो. मिसबाहचा चेहरा तर एवढासा झाला होता.

बाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं. "तुझा गुणाकार बरोबर आहे. मग भरीत गेलं कुठे?" एवढंच विचारलं आणि निवांत ठेच्याला हात घातला.

सोमवारी मिसबाह घरी वांगी भाजून, वजनं लिहून घेऊनच आली. भाजण्याआधीचं, भाजल्यावरचं, सालीचं, देठाचं. फळ्यावर तक्ता मांडला आणि म्हणाली, "बाई, किलोमागे मोठ्या वांग्यांची साल कमी निघते, लहान वांग्यांची जास्त. असं का?"

वर्षभरात तिने बाईंना विचारलेला हा पहिला प्रश्न.

"मला नीट सांगता नाही येणार. तूच शोध," बाई म्हणाल्या. धडधडीत खोटं! पण त्या खोट्यापायी ती पोरगी दोन महिने पहिल्या बाकावरून हलली नाही, आणि मला त्या बाईंचा सहकारी असल्याचा जो अभिमान वाटला, तो मी आजवर कुणाला बोलून दाखवलेला नाही.

वार्षिकच्या गणिताच्या पेपरला माझ्याबरोबर खुद्द मुख्याध्यापक पर्यवेक्षक होते. घंटेला अर्धा तास असताना मिसबाहने हात वर केला. पेपर देऊन निघाली असणार, अशा समजुतीने सर कपाळाला आठ्या घालून तिच्याकडे गेले.

"सर, पुरवणी हवी होती."

सरांनी तिचा भरलेला पेपर पहिल्या पानापासून उलटून पाहिला. मग पुरवणी आणली, आणि दोरा स्वतःच्या हाताने बांधून दिला.