रोज त्याच टेकडीवरून

निवृत्त होऊन मुलुंडला आलो, तेव्हा हवाई संरक्षणात रडारसमोर घालवलेली वर्षं आता कुणाच्या कामाची नाहीत, असं मी धरूनच चाललो होतो. पण आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई गोरेगावच्या एका स्टुडिओत कपडेपट सांभाळायच्या. त्यांनी माझं नाव सुचवलं आणि मी एका युद्धमालिकेचा लष्करी सल्लागार झालो.

नायक रडारला न दिसणारं विमान उडवायचा. विमान थर्माकोलचं, काळं, तारेला टांगलेलं. टेकडी एकच बांधलेली, त्यामुळे प्रत्येक भागात ते तिच्या डावीकडून यायचं, बॉम्ब टाकायचं आणि उजवीकडे निघून जायचं. शत्रूच्या खोलीतलं घड्याळ बंद होतं. हल्ला कायम सव्वाचारला.

पाचव्या दिवशी मला राहवेना. दिग्दर्शकाला म्हटलं, "हे विमान पडणार."

"काका, तार मजबूत आहे."

"तार नाही रे, शत्रू पाडेल."

"पण ते दिसतच नाही ना!"

"कमी दिसतं. रोज त्याच वाटेनं, त्याच वेळेला आलं तर मी सगळी रडारं त्या टेकडीकडे वळवून बसेन. मग पुसट ठिपकाही पुरतो. त्यात बॉम्ब टाकायला पोटाची दारं उघडली की ठिपका मोठा होतो. वाट बदल, वेळ बदल. एखाद्या दिवशी येऊच नकोस."

"आलोच नाही तर एपिसोडमध्ये काय दाखवू?"

त्याच आठवड्यात नायकाचं काम करणारा नट दुसऱ्या मालिकेत गेला. दिग्दर्शकाने मला मिठीच मारली. सोमवारी विमान पडलं, आणि शत्रूचा अधिकारी माझी वाक्यं जशीच्या तशी बोलला.

"अहो, हे तुमचं ना?" बायकोने विचारलं. मी अभिमानाने हो म्हणालो.

तिने टीव्ही बंद केला. "त्या वैमानिकाच्या बायकोला सातवा महिना आहे."

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी हळूच म्हणाले, "गैरसमज नको, पण बायकांना फार लागलंय." खालच्या बाईंनी तर ओळखच दाखवली नाही, विधवेच्या साड्या त्यांनाच शोधायच्या होत्या.

मी दिग्दर्शकाला फोन केला. "वैमानिक पॅराशूटने उतरू शकतो."

"काका, पॅराशूट रडारवर दिसेल ना?"

मी बराच वेळ समजावलं. नायक काही परत आला नाही.

बायको माझ्याशी कामापुरतं बोलत होती. तेराव्या दिवशी तिने गोडाचं केलं. मी निमित्त विचारलं नाही, मुकाट्याने जेवलो.