राईच्या कडेला मोजलेल्या चपला

ती घटना आजही मनातून जात नाही. का जात नाही, ते शेवटी सांगतो. मी सातवी पास. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. लिहायची सवय स्टेशन डायरीपुरती. नावं कोणाचीच लिहायची नाहीत असं ठरवून बसलोय.

नव्वदच्या दशकाची अखेर असेल. मोबाइल डोंगरात आले नव्हते. मी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला एका औट पोस्टला होतो. दोन शिपाई, एक वायरलेस आणि गळकं छप्पर. भाद्रपद सरत आला होता. भीमाशंकरच्या अंगाचं ते रान त्या दिवसांत भर दुपारीही अंधारं असतं. झाडाला झाड लागलेलं, वर धुकं, खाली जळवा. पुण्याचे लोक नुकतेच गटागटानं रान बघायला येऊ लागले होते. गावातला एखादा वाटाड्या पुढं आणि ही मंडळी त्याच्या मागं, एकामागोमाग एक.

त्या दिवशी संध्याकाळी असाच एक वाटाड्या धापा टाकत आला. पन्नाशीचा कोळी माणूस, ओळखीचा.

"सायेब, पुन्याची एक बाई ऱ्हायली रानात. दुपारधरनं हुडकतोय. मिळंना."

"किती जण होते?"

"अकरा. ती आन् तिचा मालक धरून."

मिसिंगची नोंद केली, वायरलेसवर ठाण्याला कळवलं आणि पहाटे गावात पोचलो. सगळा गट शाळेच्या खोलीत बसवून ठेवला होता. प्रत्येकाचा जबाब घ्यायला लागलो.

हकिकत अशी. गावापासून दोन तासांवर देवराई आहे. तिथली वाळलेली काटकीसुद्धा कोणी उचलत नाही. कडेला चपला-बूट काढायचे, अनवाणी आत जायचं, देवाला हात जोडायचे आणि त्याच वाटेनं बाहेर यायचं. मग बूट घालून पुढं ओढ्याकडं. ओढ्यावर डबे सोडले तेव्हा लक्षात आलं की बाई नाही.

वाटाड्याला विचारलं, "राईतून सगळे बाहेर आले होते कशावरून?"

"जोड बघितलं की सायेब. मी मान्सं मोजीतच न्हाई, मान्सं हालत्यात. चपला मोजतो. समदी निघाली तवा एकबी जोड मागं उरला न्हवता. मंजी मानूस बाहीर."

मला ते पटलं. बूट नाहीत म्हणजे ती बूट घालून निघाली. म्हणजे जे काही झालं ते राई आणि ओढा यांच्या मध्ये. आणि त्या मधल्या टप्प्यात एक कडा आहे. वाटेपासून दहा पावलांवर. खाली तळ दिसत नाही.

नवऱ्याला समोर बसवला. चाळिशीचा, कचेरीत कारकुनी करणारा, चष्मा पुसत राहणारा माणूस.

"बायको शेवटची कुठं दिसली?"

"राईतून बाहेर पडलो तेव्हा माझ्या मागेच होती."

"मागं वळून बघितलं?"

"मागेच होती हो."

"कोणत्या रंगाचा ड्रेस होता?"

त्यानं चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "निळा असेल." गटातल्या लोकांनी हिरवा सांगितला होता. मी शिपायाकडं बघितलं, शिपायानं माझ्याकडं. तेवढ्यात गटातला एक गृहस्थ मला बाजूला घेऊन कानाशी लागला. म्हणाला, "साहेब, आदल्या रात्री दोघांची कुजबुज चालली होती, पण भांडण होतं. ती म्हणत होती, मी उद्या येणार नाही. हा म्हणत होता, गपचूप चल."

झडती घेतली. नवऱ्याच्या खिशात बायकोचं मंगळसूत्र निघालं.

"रानात पडेल म्हणून तिनंच काढून दिलं," तो म्हणाला.

"भांडण कशावरून झालं?"

"घरगुती."

"घरगुती म्हणजे काय?"

"साहेब, ते मी नाही सांगू शकत."

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी कोणालाही काय वाटलं असतं? खोटं कशाला लिहू, एक कानाखाली ठेवून दिली. चष्मा लांब जाऊन पडला. त्यानं तो उचलला आणि म्हणाला, "मारा, पण आधी तिला शोधा." मी म्हटलं, नाटकं करू नको. गावची वीस माणसं दोर घेऊन कड्याखाली उतरवली होती. काहीच सापडलं नाही. तरी माझा संशय हलला नाही. खोल आहे, पाऊस आहे, दोन दिवसांनी सापडेल असंच धरून चाललो होतो.

दुपारी त्याला जीपमध्ये घातला आणि ठाण्याकडं निघालो, अटकेची तयारी करूनच. वाटेत पोलीस लायनीत माझी खोली. अंगावरचे कपडे ओले होते, ते बदलायला पाच मिनिटं उतरलो. नवरा जीपमध्ये, शेजारी शिपाई.

माझी बायको जुन्नर तालुक्यातली, मढच्या बाजूची. डोंगरातली वाट तिच्या पायाखालची. तिनं माझ्यापुढं भाकरी-पिठलं ठेवलं आणि विचारलं, "सापडली का ती बाई?"

मी दोन घासांत सगळं सांगितलं. वाटाड्यानं चपला कशा मोजल्या तेही सांगितलं. तिनं भाकरी थापायची थांबवली.

"आवं, पन ती राईत गेली व्हती का?"

"म्हणजे? सगळे गेले होते."

"समदे गेले आसतील. ती गेली व्हती का, ते कुनी बघितलं? बाईमानसाचे चार दिस आसत्यात म्हैन्यात. तसली बाई राईत पाय ठेवत न्हाई. आन् बाहीर बसली तर धा जनांना कळतंय का बसली ते. मग ती काय करंल? कडंकडंनं जाईल, फुडं जाऊन मिसळंल. बूट कशाला काढील ती?"

मी ताट बाजूला सारलं. वीस वर्षं नोकरी झाली होती माझी.

"बायांना इचारलं का तुमी?"

"विचारलं. काही माहीत नाही म्हणाल्या."

"कुठं इचारलं?"

"शाळेत."

"चार पोलीस आन् धा बाप्यांच्या म्होरं? कपाळ माझं! आशानं कोन सांगंल?"

औट पोस्टला बाई शिपाई नव्हती. ठाण्यातही नव्हती. मी बायकोला म्हटलं, "चल जीपमध्ये." नियमात बसत नव्हतं, तरी नेली. पदर डोक्यावर घेऊन ती पुढं ड्रायव्हरशेजारी बसली. मागं वळून त्या नवऱ्याला एवढंच विचारलं, "भाऊ, तिला अडचन व्हती ना?"

त्यानं तोंड ओंजळीत धरलं आणि रडायला लागला. म्हणाला, "ती म्हणाली होती, उद्या मी इथेच थांबते. मी म्हटलं, कोणाला काय कळतंय, गटात शोभा नको, चल आत. हे तुम्हाला सांगितलं असतं आणि गावात कळलं असतं, तर राई बाटवली म्हणून आम्हाला धरलं असतं. मला वाटलं ती आत आली. मी बघितलंच नाही हो मागं."

गावात पोचल्यावर माझी बायको गटातल्या चार बायकांना घेऊन विहिरीकडं गेली. मी शाळेच्या पायरीवर उभा. चहा निवायला लागतो तेवढ्या वेळात परत आली. त्यातल्या एका मास्तरीणबाईंकडनं त्या बाईनं सकाळी कापड मागून घेतलं होतं. राईच्या कडेला सगळे बूट काढत असताना ती शेवटी होती. मास्तरीणबाईंना हळूच म्हणाली होती, मी गुरांच्या वाटेनं वळसा घालून पुढे येते, कोणाला सांगू नका. बाईंनी सांगितलं नव्हतं. पोलिसांनाही नाही. शब्द दिला होता ना.

वाटाड्या काठी उचलायला धावला. "आरं देवा! त्या वाटंला दोन फाटं हायती. डाव्या फाट्यानं गेलं तर घळ."

राईच्या पलीकडच्या अंगाला, कड्याच्या बरोबर उलट दिशेला आम्ही हाका मारत निघालो. नवरा सगळ्यांच्या पुढं, बूट चिखलात रुतून एक पाय अनवाणी. दिवस मावळायच्या आत सापडली. घळीत, कारवीच्या जाळीला धरून बसलेली. घोटा मोडलेला, अंगभर जळवा, ओठ निळे. पण शुद्धीवर. घळीतल्या पाण्याच्या आवाजात तिच्या हाका कोणालाच ऐकू गेल्या नव्हत्या. डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी एक रात्र काढली नसती.

नवरा तिच्यापुढं गुडघ्यावर बसला. ती त्याच्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "जेवायच्या वेळी आठवण झाली ना माझी?" एवढंच. दोर धरून उभी असलेली माणसं खाली बघायला लागली.

डोलीतून तिला गावात आणली. वाटाड्याला मी बोललो नाही. पुढच्या खेपेपासून तो माणसं मोजायला लागला, नावं घेऊन. त्या नवऱ्याची मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. वर्दीला ते जमत नाही, असं तेव्हा वाटायचं.

डायरीत मी लिहिलं: गुप्त बातमीदाराकडून मिळालेल्या माहितीवरून शोध घेतला असता सदर महिला जिवंत मिळून आली. साहेबांनी पाठ थोपटली, प्रशस्तिपत्र मिळालं. ते भिंतीवर लावताना खिळा बायकोनंच हातात दिला.

"माझं नाव लिवलंय का त्यात?"

"बातमीदाराचं नाव उघड करत नसतात."

"मग बातमीदाराला एक लुगडं तरी आना," म्हणून हसली. आणायचं राहूनच गेलं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं असं विचाराल, तर गप्प बसलेला माणूस गुन्हेगारच असतो असं नाही. लाजेनं गप्प बसलेली माणसं मी नंतर पुष्कळ पाहिली, आणि त्यांच्यावर हात उगारला नाही. हे मी ठाण्यात शिकलो. घरी शिकलो नाही. लेण्याद्रीच्या पायऱ्या आम्ही किती वेळा चढलो असू. मी पुढं, ती मागं. वर पोचल्यावरच मी वळायचो. दोन वर्षांपूर्वी तिच्या पोटात दुखत होतं. चार महिने दुखत होतं. शेजारणीला माहीत होतं. मला तिनं सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही. आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारून पगार घेतला मी. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतंय? मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी माझ्याकडं जसं बघितलं, तसं मी त्या चष्मेवाल्याकडं बघितलं होतं.

गेल्या मार्गशीर्षात ती गेली.

बातमीदाराचं नाव त्याच्या जिवात जीव असेपर्यंत उघड करायचं नाही, एवढा एक नियम मी नीट पाळला. आता तो उरला नाही. कोणाचंच नाव लिहिणार नाही म्हणालो होतो, पण हे एक लिहितो. त्या बाईला रानातून सुमननं काढलं. माझ्या बायकोनं.