ऐकून न घेणारं यंत्र

पंप तपासायचं यंत्र बसवणाऱ्या इंजिनिअरने आम्हाला फसवलं. काल आमच्या कारखान्यात चाचणी चालू असताना नळी फाटली. यंत्र चालवणाऱ्या शोभाताईंनी पडद्यावरचं 'थांबा' बटण दाबलं, तरी यंत्र उरलेल्या पायऱ्या संपवूनच थांबलं. गरम तेलाने त्यांचा हात भाजला. "शेठ, बटण नुसतं शोभेचंच की हो!" एवढंच त्या म्हणाल्या.

मी इंजिनिअरला यंत्राचा प्रोग्रॅम उघडायला लावला. लिहिलेल्या ओळी नाहीत, सगळा चित्रांचा; चौकटीत चौकट, तिच्या पोटात आणखी एक.

"बटण कुठे तपासतोस?"

"सगळ्यात शेवटी, साहेब. क्रमच तसा आहे."

मी शिकलेला नाही, पण सौदा करताना दर वाक्यानंतर समोरच्याचा चेहरा बघतो आणि मग पुढचं बोलतो. यंत्रालाही तसं शिकवता येतं. प्रत्येक पायरी सुटी ठेवायची आणि ती संपली की विचारायचं, आता कुठे जायचं: पुढे, मागे, की थेट बंद? त्याला हे येत होतं. "त्यात डोकं फार लागतं," म्हणाला.

आपलं म्हणणं संपेपर्यंत दुसऱ्याची हाक न ऐकणारी माणसं मी जन्मभर पाहिली. आता त्यांनी यंत्रंही आपल्यासारखीच घडवली.

तो माफी मागायला लागला, तेव्हा मी म्हणालो, "माझी माफी मागू नकोस. शोभाताईंसमोर उभा राहा आणि त्यांना उत्तर दे."