भिंतीला मॅच होईल असं

सोलापुरात आमचं छोटं प्रिंटिंगचं दुकान आहे. लोक मोबाइलवर खोलीचा फोटो आणतात, पडदे दाखवतात, सोफा दाखवतात. त्याला मॅच होईल असं भिंतीवरचं चित्र नाहीतर फ्रेम मी डिझाइन करते, आणि व्यंकटअण्णा मशिनवर छापतात. कागदाच्या कापलेल्या कडा संध्याकाळी झाडून टाकता येतात. किस्से मात्र साठतच जातात!

*

एकानं वारलेल्या वडिलांचा फोटो आणला. नवीन फ्लॅट, हिरवट सोफा. "फेटा तेवढा सोफ्याच्या कलरचा करा की!" मी केला.

फ्रेम न्यायला आला तेव्हा सोबत आई होती. ती बघतच राहिली.

"ह्यांनी जन्मात पांढऱ्याबिगर फेटा बांधला न्हाय."

"आई, सोफा बघ की जरा!"

"मंग सोफ्याचाच फोटू लाव!"

*

दोन भाऊ आले. घराची वाटणी झालेली, मधे भिंत उठलेली. हॉलमधल्या मोठ्या फॅमिली फोटोच्या दोन फ्रेम हव्या होत्या, प्रत्येकात आपापलं बिऱ्हाड. थोरल्याच्या भिंती क्रीम, धाकट्याच्या निळ्या.

फोटोच्या बरोबर मधोमध आई बसलेली. मी विचारलं, "आईंना दोन्हीकडं घेऊ ना?"

धाकटा म्हणाला, "दादाकडं राहू द्या."

थोरला स्क्रीनकडं बघत म्हणाला, "माझ्या भिंतीला ती साडी मॅच होत न्हाय."

*

श्रीपूरचा एक जण, साखर कारखान्यात कामाला. येणाऱ्या बाळाच्या खोलीला त्यानं स्वतः पिवळा रंग दिलेला. त्यावर शोभतील असे हत्ती हवे होते. "खाली नावाची जागा मोकळी ठेवा, मॅडम."

महिन्याभरानं तो एकटाच आला. मी हसत विचारलं, "काय नाव टाकायचं?"

"टाकू नका. तसंच द्या."

मला कळलं. मी म्हणाले, "नको असेल तर राहू द्या की."

"भिंत रंगवलीय ना," तो म्हणाला.

*

"भिंतीला नको, छताला पायजे," होटगीच्या शांताबाई म्हणाल्या.

नवरा रेल्वेत गँगमन. मणक्याला मार लागून तीन वर्षं अंथरुणात, उताणा. मान वळत नाही, दिसतं ते फक्त छत. त्या पोपटी छताला शोभेल असं झाड, आभाळ मी काढून दाखवलं.

"त्यास्नी माजाच फोटू पायजे. हसरा."

"तुम्ही तर दिवसभर समोरच असता की!" अण्णा म्हणाले.

"मी बी तेच म्हनलं. तर म्हनत्यात, तू वाकतीस तवा रडतच असतीस."

घरात हसरा फोटो एकच निघाला, कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीतला. मोठा केला की चेहरा धूसर व्हायचा. दोन दिवस बसून मी तो नीट केला, मागचा मांडव पुसून पोपटी रंग भरला.

अण्णांनी आणि मी जाऊन तो छताला चिकटवला. नवरा एकटक बघत राहिला. शांताबाईंना उभ्यानं नीट दिसेना. मग त्या आमच्यासमोरच हळूच त्याच्या शेजारी उताण्या झाल्या, आणि बराच वेळ वर बघत राहिल्या.

"अवो," त्या म्हणाल्या, "अशी हसायची व्हय मी?"