पायाकडे बघणारा त्रिंबक

चारा छावणीत माणसाला काम नसते. जनावर खाते, रवंथ करते, आणि माणूस त्याच्याकडे बघत बसतो. बघून कंटाळला की बोलतो. चकलांब्याच्या माळावर विकास सोसायटीने उघडलेल्या छावणीत त्या उन्हाळ्यात नऊशे जनावरे होती आणि त्यांच्या मागे आलेली तीनेकशे माणसे. त्यांतल्या एकालाही तोंड मिटून बसता येत नाही, असे त्रिंबकचे मत होते.

त्रिंबक बैलांच्या पायांना नालासारख्या लोखंडी पत्र्या मारायचा. पण दोन पावसाळे कोरडे गेले, बैल दावणीला उभे राहिले, आणि उभ्या बैलाची पत्री झिजत नाही. म्हणून आता तो वाढलेली खुरे तासायचा. बैलाला दोर घालून आडवे करायचे, चारी पाय बांधायचे आणि मातीत बसून खूर मांडीवर घ्यायचे. तीस वर्षांत त्याची नजर गुडघ्याच्या वर फारशी गेली नव्हती. माणसे तो चालीवरून ओळखायचा. तोंडे त्याला सारखीच वाटत, आणि सारखीच निकामी.

त्या दिवसांत छावणीला एकच विषय होता, केसरबाईचा भारत. गेवराईच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता, विद्यापीठाच्या कबड्डी संघात चढाया करायचा. टीव्हीवरच्या लीगसाठी खेळाडूंचा लिलाव महिन्यावर आला होता. त्या यादीत नाव घालायचे की नाही, ते ठरवणारी चाचणी येत्या मंगळवारी पुण्याला होती.

“ऐंशी किलो तरी वजन लागतं,” बंकट म्हणाला. बंकटने चार वर्षांपूर्वी पुण्यात तिकीट काढून एक सामना बघितला होता, आणि त्या एका तिकिटावर तो अजून जाणकार होता. “भारत बहात्तरचा हाय. पहिल्याच पकडीत चिपाड व्हतंय त्याचं.”

“वजन काय चाटायचंय बे? मांडी बघ त्याची.” हा उत्तरेश्वर, दूध सोसायटीचा सेक्रेटरी. दूध आटले, सोसायटीला कुलूप लागले, पण खिशातला पेन त्याने काढला नव्हता. “अन ती उडी! चढाईत आत शिरला की डावा पाय चटकन उचलून उजव्यावर घेतो ना, तसली उडी टीव्हीवर बी न्हाई कुणाची. लिलावात त्या उडीलाच भाव हाय.”

ती उडी आता गावभर झाली होती. पोरे पाण्याची घागर आणतानाही डावा पाय झटकून उडायची आणि अर्धे पाणी सांडायची.

त्रिंबक खूर तासता तासता हसला.

“कावून हसता?” उत्तरेश्वरला राग आला.

“बरं झालं, तुला बैलबाजारात कुणी पाठवलं न्हाई. लंगडा बैल वाजत-गाजत घरी आणला असतास.”

“मग तुमी सांगा की.”

“मी काय सांगू? मी पडलो खुरं तासणारा. तू पेनवाला.”

त्रिंबक पुन्हा खूर तासायला लागला. पत्रीखाली खडा अडकला की बैल पाय टेकवतो न टेकवतो तोच उचलतो. बघणाऱ्याला वाटते, जनावर काय डौलात चालले आहे! भारतची उडी त्यातलीच होती; त्याचा डावा गुडघा दुखत होता. तीन आठवडे झाले असतील. एवढ्या डोळ्यांना दिसली ती उडी, आणि तीही आवडली.

दुपारी केसरबाई आली. तिची एक गाय आणि एक कालवड छावणीत होती. दर साली ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. यंदा ऊसच नव्हता, म्हणून दोघे लवकर परतले होते. ती त्रिंबकच्या समोर बसली, नजर त्याच्या खूर तासायच्या विळ्यावर.

“दादा, भारतचा पाय कसा वाटतो तुमाला?”

“आई तू. तुला कसा वाटतो?”

“रातीला दात खाऊन झोपतो. इचारलं की अंगावर येतो.” तिने पदर तोंडाशी धरला. “कुणाला बोलू नका. इथं बोललं की सांजच्याला गेवराईत, अन सकाळी पुण्यात.”

“तीन दिस पाय धरून बसला तर मंगळवारी उभा ऱ्हाईल. गुडघा तुटला न्हाई, दमलाय.”

“बसतो कुठला? शनिवारी अर्जुनरावांनी सामना ठेवलाय.”

अर्जुनराव विकास सोसायटीचे चेअरमन. छावणी त्यांची, टँकर त्यांचे, आणि शनिवारी छावणी बघायला येणारे मोठे पाहुणेही त्यांचेच. पाहुण्यांना उपाशी जनावरे किती वेळ दाखवणार? म्हणून भारतचा कॉलेजचा संघ विरुद्ध छावणीतले जुने खेळाडू, असा सामना. भारतला पुण्याला न्यायला त्यांनी जीप कबूल केली होती. नाही म्हणायची सोय नव्हती. केसरबाईची दावणही त्यांच्याच छावणीत होती, आणि भारतला तर नाही म्हणायचेच नव्हते. त्याला टाळ्या हव्या होत्या.

“मूर्ख हाय तुझा पोरगा,” त्रिंबक म्हणाला.

“व्हय,” केसरबाई म्हणाली, आणि उठून गेली.

मूर्खपणाची ही जात त्रिंबकच्या ओळखीची होती. तो स्वतः एकेकाळी साखर कारखान्याच्या संघातून खेळायचा. असाच एक उन्हाळा, असेच पाहुणे, असेच कडक मैदान. गुडघ्यातून आवाज आला तो पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेला होता. पाहुण्यांनी हार घातला. नोकरीत कायम करू म्हणणाऱ्या कारखान्याने पुढच्या हंगामात त्याचे नावही विचारले नाही. तेव्हापासून त्याला हाराचा वास सहन होत नसे. लग्नातही तो मांडवाच्या टोकाला बसायचा.

शनिवारी सकाळी एक टँकर आला तो हौदाकडे गेलाच नाही. मैदानाची ढेकळे फोडली, वर काळी माती पसरली आणि टँकरचा पाइप तिच्यावर सोडला. दावणीची जनावरे पाण्याच्या वासाने माना ताणून हंबरायला लागली. कालपासून हौदात शेवाळ उरले होते. माणसे काठाला उभी राहून ओली माती बघत होती.

“चांगला वलावा धरलाय,” उत्तरेश्वर म्हणाला.

त्रिंबकने त्याच्याकडे बघितलेही नाही. वर बोटभर चिखल आणि खाली दगडासारखा माळ. कडक जमिनीपेक्षा ही वाईट. पाय घसरतो आणि मग आपटतो. तो तसाच उठून अर्जुनरावांच्या मंडपात गेला.

“जुन्या लोकांत मी उतरतो. डाव्या कोपऱ्याला.”

अर्जुनरावांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितले. “त्रिंबकराव, वय काय तुमचं?”

“छपन्न.”

“पडला-बिडला तर?”

“खालीच बसलेला असतो मी. पडू कुठून?”

पाहुणे हसले. पाहुण्यांना आवडले म्हणून अर्जुनरावांनाही आवडले.

त्रिंबक मैदानात आला तेव्हा बंकटने शिट्टी मारली. धोतर खोचलेले, एक गुडघा वाकडा, हात मातीने काळे. समोर भारत नव्या बनियनमध्ये मांड्या थोपटत होता. त्याने त्रिंबकला बघितले आणि हसून आपल्या पोरांना म्हणाला, “म्हाताऱ्याला सांभाळून रे, हाडं गोळा करावी लागतील.”

पहिलीच चढाई भारतची. तो कबड्डी, कबड्डी म्हणत आला, रेषा ओलांडून डाव्या कोपऱ्यापाशी थांबला आणि लोकांना हवी ती उडी घेतली. डावा पाय वर, सगळे अंग उजव्यावर. लोक ओरडले. त्रिंबक त्याच क्षणाची वाट बघत होता. तो पुढे झेपावला नाही, बसल्या बसल्या सरकला. एका हाताने उजवा घोटा धरला आणि डाव्या मांडीखाली स्वतःचा खांदा दिला. बैल पाडताना आपटायचा नसतो, बसवायचा असतो. भारत हळूच मागे बसला. डावा गुडघा त्रिंबकच्या छातीवर होता, चिखलाला लागलाही नाही. त्रिंबकने सगळे वजन त्याच्या उजव्या मांडीवर टाकले आणि भारतचा श्वास तुटेपर्यंत हलला नाही.

“गुडघा कळतोय मला,” तो त्याच्या कानाशी म्हणाला. “गप पड.”

भारतचे डोळे मोठे झाले. शिट्टी वाजली. सगळी छावणी हसायला लागली.

त्रिंबक उठला, हात धोतराला पुसले आणि मंडपापर्यंत ऐकू जाईल असे म्हणाला, “ह्याचा लिलाव करता? फुकट दिला तर गव्हाणीला बांधायचा न्हाई कुणी. बसवा त्याला भाईर. पाव्हण्यांपुढं शोभा कावून करता?”

पाहुण्यांना हसून खोकला लागला. अर्जुनरावांचे तोंड काळे पडले. त्यांनी बोटाने कॉलेजच्या सरांना खूण केली, आणि भारत बाहेर बसला तो शेवटपर्यंत. बनियनवरचा चिखल वाळत होता. त्याच्याकडे बघायला कोणी तयार नव्हते. सकाळी त्याच्यासारखी उडी मारणारी पोरे आता त्याला बसवणाऱ्या म्हाताऱ्याची नक्कल करत होती.

जीप रद्द झाली. “वजनच न्हाई म्हणलं नव्हतं मी?” असे बंकट रविवारी दिवसभर म्हणत राहिला. उडीत पहिल्यापासून काही नव्हते, हे उत्तरेश्वरने मान्य केले. भारत घराबाहेर पडला नाही. पडला असता तर कोणी ना कोणी काही तरी बोलले असते, म्हणून तो तीन दिवस बाजेवर पाय लांब करून पडून राहिला. केसरबाईने गुडघ्याला हळद बांधली. मंगळवारी पहाटेच्या एसटीने तो पुण्याला गेला.

गुरुवारी दुपारी छावणीच्या तोंडाशी बोलणे अचानक वाढले. त्रिंबकच्या मांडीवर एका खिल्लाराचे खूर होते. उत्तरेश्वर धावत आला, खिशातला पेन हातात. “घातलं नाव! यादीत घातलं! मी म्हणतच व्हतो, ती मांडी...”

“लिलाव व्हायचाय अजून,” त्रिंबक म्हणाला. “घेतला तरी बाकावर बसवतील. वजन न्हाई.”

“तुमी बी आता वजनच म्हणता!”

“बंकट येडा हाय. वजन काय त्याच्यामुळं खोटं व्हत न्हाई.”

तेवढ्यात भारत आईच्या दावणीकडे जाताना तिथून गेला. थांबला नाही, बघितले नाही. त्रिंबकनेही मान वर केली नाही. त्याला समोरची माती दिसत होती आणि तिच्यावरून जाणाऱ्या दोन चपला. डावी टाच, उजवी टाच, परत डावी. दोन्ही सारख्या टेकत होत्या. चपला दिसेनाशा झाल्यावर त्याने विळा उचलला आणि बैलाला एक शिवी हासडून पुढचे खूर ओढले.